ढकलायला हलकी

दुसरी मोटरसायकल घेताना केलेली यादी अजून माझ्याकडे आहे. माझ्याकडे सगळ्याच याद्या आहेत. बदलीच्या वेळी कोणत्या पेटीत काय भरलं, कोणत्या महिन्यात गाडीचं ऑइल बदललं, मायच्या गोळ्या कधी संपतात, हे सगळं लाल पुठ्ठ्याच्या वह्यांत लिहिलेलं आहे. घरात काही सापडेनासं झालं की मुलं मला विचारतात आणि मी पान काढून दाखवतो. त्या गाडीचं पान मात्र मी कुणाला दाखवत नाही. बायकोनं ते एकदाच वाचलं होतं.

लातूर नवा जिल्हा झाला, त्यानंतरच्या दुष्काळातली ही हकिगत. मी नांदेडला एका सरकारी कचेरीत कारकून होतो. नव्या जिल्ह्याला माणसं कमी पडत होती, म्हणून आमच्यातल्या काहींना तिकडे पाठवलं. मी हजर झालो तेव्हा खुर्च्यासुद्धा आलेल्या नव्हत्या. पाट्यांवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव चुन्यानं पुसून त्यावर नवं रंगवलं होतं, आणि ऊन तिरपं पडलं की खालचं नाव परत दिसायचं. बायको नांदेडच्या शाळेत शिकवत होती. तिची बदली होण्यासारखी नव्हती. माय आणि बाबा गावी. गाव नांदेड-लातूर रस्त्यावर, चाकूरच्या अलीकडच्या एका फाट्यावरून चार किलोमीटर आत. राहायला तीन ठिकाणं आणि गाडी एक.

गाडी चांगली होती. लष्कराच्या लिलावातली, साडेतीनशे सीसीची, काळी. लांबच्या रस्त्याला तिला तोड नव्हती. लोह्यापासून अहमदपूरपर्यंत ती एका लयीत जायची आणि कंबर अवघडायची नाही. पण वजनानं म्हैस. उभी करायला दोन्ही हात आणि एक पाय लागायचा. आवाज असा की मी फाट्यावर वळलो की गावात माय चुलीवर चहा ठेवायची.

आमचं गाव समजावून सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. फाट्यावरून आलेला रस्ता वेशीतून आत शिरतो, पारासमोरून आणि चावडीवरून जातो, वळतो आणि मग खाली आमच्या वस्तीत उतरतो. आम्ही बौद्ध. बाबांनी धर्म बदलला तेव्हा मी दुसरीत होतो. घरातले देव टोपलीत घालून त्यांनी ओढ्यात सोडले ते मला आठवतं. देव गेले, पण रस्ता तोच राहिला. वेशीपासून चावडीपुढच्या वळणापर्यंत आमच्या माणसानं सायकलवरून उतरून, सायकल हातात धरून चालायचं, अशी रीत होती. ती कुठे लिहिलेली नव्हती आणि कुणी बोलूनही दाखवत नव्हतं. आमच्या वस्तीतला प्रत्येकजण वेशीपाशी आला की उतरायचा आणि वळणावर परत बसायचा. पारावर बसलेली माणसं त्या वेळात बहुतेक दुसरीकडेच बघत असत. बघायची गरज नव्हती.

बाबा बांधकाम खात्यात रोड रोलरवर ड्रायव्हर होते. मी शाळेत असताना एकदा आमच्याच गावचा रस्ता दाबायला त्यांचा रोलर आला. बाबा उंच सीटवर बसून वेशीतून आत आले, पारासमोरून गेले, मागे आले, परत गेले. दिवसभर तेच. मी वळणावर उभा राहून बघत होतो आणि माझी छाती फुगली होती. संध्याकाळी त्यांनी रोलर फाट्यावर नेऊन लावला, सायकल काढली, घरी निघाले आणि वेशीपाशी आल्यावर उतरले. मी विचारलं, दिवसभर तर बसून गेलात, आता काय झालं?

ते म्हणाले, "रोलर सरकारचा हाय. सायकल माझी हाय."

मी मोटरसायकल घेतली तेव्हा या रस्त्याचं काय करायचं हा प्रश्न मी माझ्या पद्धतीनं सोडवला होता. वेशीच्या अलीकडे डाव्या हाताला ओढ्यात उतरता येत होतं. ओढा कोरडा असला की वाळूतून तीनशे पावलं जाऊन थेट आमच्या वस्तीच्या मागे निघता येई. काठ उभा होता, पण रिकाम्या गाडीवर जोर करून चढता यायचं. मी ती वाट वहीत 'जवळचा रस्ता' म्हणून लिहिली होती. ती जवळची नव्हती. तिच्यामुळे उतरावं लागत नव्हतं आणि वेशीतून बसून जायची हिंमतही करावी लागत नव्हती. पूर्वी पावसाळ्याचे दोन-तीन महिने ओढ्याला पाणी असायचं, तेव्हा मी गाडी फाट्यावरच्या हॉटेलात ठेवून चालत यायचो. दुष्काळ पडला आणि ओढा बारा महिने कोरडा राहिला. माझी तेवढी सोय झाली.

तिसऱ्या वर्षी वस्तीतली विहीर आटली. टँकर यायचा तो गावातल्या विहिरीत पाणी ओतायचा, आणि तिथं आमच्या बायकांचा नंबर लागेपर्यंत तळाचा गाळ उरायचा. फाट्यावरचा एक हापसा तेवढा अजून चालू होता. मायचे गुडघे गेलेले. बाबा सायकलला दोन कॅन अडकवून आणायचे, पण ते निवृत्त झालेले, दम्याचे. मग मी गाडी गावी ठेवली आणि स्वतः एसटीनं लातूरला जाऊ लागलो. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी लोखंडी चौकटी लावून घेतल्या. चार कॅन बसत. बाबांना इंजिनाचं काय शिकवायचं? पहिल्याच किकला त्यांनी गाडी चालू केली आणि मायला म्हणाले, "रोलरपेक्षा हिचा सायलेन्सर बरा."

त्यांना ओढ्याच्या वाटेनं भरलेले कॅन घेऊन चढता येत नव्हतं. ते वेशीतून यायचे. म्हणजे वेशीपाशी इंजिन बंद करायचे, उतरायचे आणि चार भरलेल्या कॅनसकट ती गाडी वळणापर्यंत ढकलत न्यायचे.

दुसऱ्या आठवड्यात गाडी त्यांच्या अंगावर पडली. पारासमोरच पडली. सायलेन्सर पोटरीला लागला आणि चामडी निघाली. पाणी सगळं सांडलं. पारावरची माणसं धावत आली, त्यांनी गाडी उचलली, एकानं बाबांना हात दिला, दुसऱ्यानं घरून तूप आणून पोटरीला लावलं. हे मला बाबांनीच सांगितलं, कौतुकानं. मी विचारलं, काय म्हणाले ते?

"काय म्हणतेत? म्हनले, रोलरवाले, एवढी जड गाडी कशाला वापरता या वयात."

"आणखी काही नाही म्हणाले?"

"आणखी काय म्हणायचं असतंय?"

त्या रविवारी नांदेडला घरी मी वही उघडली आणि दुसऱ्या गाडीची यादी केली.

दुसरी गाडी घेताना पहिलीची नक्कल घ्यायची नाही, हे माझं तत्त्व. पहिलीत जे नाही ते दुसरीत बघायचं. पहिली लांबच्या डांबरी रस्त्याला, दुसरी आतल्या कच्च्याला. पहिलीला चांगलं पेट्रोल आणि भारी ऑइल, दुसरीला कमीत कमी खर्च. पण दोघींना शक्य तेवढे पाने एकच लागावेत, म्हणजे दोन थैल्या बाळगायला नकोत. सुटे भाग लातुरात मिळावेत, कारण बिघडली तर मीच आठवड्याला घेऊन जाणार. किंमत माझ्या दोन पगारांच्या आत. कॅनच्या चौकटी थोड्या वाकवून बसाव्यात. हे सगळं बरोबर होतं. आजही कुणी विचारलं तर मी हेच सांगेन.

पण यादीत पहिल्या क्रमांकाला मी लिहिलं होतं: वजन कमी, ढकलायला हलकी. दुसऱ्याला: इंजिन बंद असताना क्लच न दाबता पुढे सरकावी. तिसऱ्याला: आवाज कमी. चौथ्याला: रंग साधा, चकाकी नको. पाचव्याला: सीट खाली, चढाय-उतरायला सोपी.

बायको उत्तरपत्रिका तपासत बसली होती. लाल पेन हातात होतंच. तिनं वही ओढून घेतली आणि वाचली. ती हिंगोलीकडची, सरळ बोलणारी.

"अहो, यात एक राहिलं."

"काय?"

"लांबून बघणाऱ्याला बकरी वाटावी."

मी म्हटलं, थट्टेचा विषय नाही, बाबांची पोटरी भाजलीय. ती म्हणाली, "तेच म्हणते मी. पोटरी भाजली बाबांची आणि तुम्ही औषध गाडीला लावून राहिले." मग तिनं वही परत दिली आणि पुढची उत्तरपत्रिका घेतली. थोड्या वेळानं खाली बघतच म्हणाली, "बाबांनी बसून का जायचं नाही, हे पारावरच्या माणसांना एकदा विचारायचं सोडून तुम्ही मोटरसायकली बघा."

मला राग आला. विचारायचं म्हणजे काय विचारायचं, आणि कुणी? मी आठवड्यातला एक दिवस गावात असतो. बाकीचे सहा दिवस म्हातारा-म्हातारी तिथं राहतात. हे मी तिला सांगितलंसुद्धा. ती म्हणाली, खरं आहे. वाद संपला. मी यादीत 'बजेट' या शब्दाखाली रेघ मारली.

देगलूर नाक्याजवळ एक मेकॅनिक होता. पहिली गाडी त्यानंच मिळवून दिली होती. सगळे त्याला उस्ताद म्हणत, मीही म्हणायचो. त्याच्याकडे त्या महिन्यात विकायला तीन गाड्या होत्या. एक जपानी इंजिनाची, नवीन निघालेली, शंभर सीसीची. तिची झगमग बघूनच मी पुढे सरकलो. दुसरी दोन स्ट्रोकची, मोठी, दूधवाल्याची. ताकदवान होती, पण ती चालू केली की उस्तादच्या दुकानातली कबुतरं उडाली. तिसरी कोपऱ्यात होती. छोट्या चाकांची, बुटकी, राखाडी रंगाची. एका निवृत्त कंपाउंडरनं वापरलेली. टाकीवर दोन पोचे होते.

मी तिन्ही गाड्या बंद इंजिनावर दुकानापासून नाक्यापर्यंत ढकलत नेल्या आणि परत आणल्या. प्रत्येकीला किती जोर लागतो ते लिहून घेतलं. उस्ताद चहाची बशी हातात धरून बघत होता.

"साब, एक बात पूछू? लोकां गाडी चलाके देखते. तुम ढकेल ढकेल के देख रहे. पेट्रोल डालने का इरादा हैच नई क्या?"

दुकानातली दोन माणसं हसली. मी म्हटलं, वडील म्हातारे आहेत, वाटेत बंद पडली तर ढकलता यायला हवी.

"बंद कायको पडती? मेरे हात की गाडी बंद पडी तो मेरा नाम बदल देना."

"चिखल असतो," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. तीन वर्षांत नांदेड-लातूरच्या पट्ट्यात चिखल कुणी बघितला नव्हता. त्यानं बशीतला चहा संपवला आणि म्हणाला, "तो फिर ये कंपाउंडर वालीच लेव."

मला खात्री हवी होती. जोर लागला हे अंगावरून सांगता येतं, वजन काट्यावरच कळतं. मी ती राखाडी गाडी मोंढ्यात, धान्यबाजारात, नेली आणि ओळखीच्या एका आडत दुकानाच्या मोठ्या काट्यावर चढवली. मोंढ्याला काम नव्हतंच. ज्वारी आली तर हमालांना काम. ते पोत्यांवर पडलेले उठून आले.

"साहेब, काय भाव लावू? ओली हाय का वाळलेली?"

"माती काढून तोल रे, चाकाला माती हाय."

"मातीचा कडता कापा दोन किलो."

सगळे हसले, मीही हसलो. मोठ्या गाडीच्या निम्म्याहूनही कमी भरली. मी आकडा लिहिला. किंमत उस्तादनं सांगितली त्यापेक्षा थोडी उतरवली आणि ठरलं. तो दिवस मला चांगला वाटला होता, हे लिहायला मला लाज वाटते. सगळे रकाने भरले होते. घरी येऊन बायकोला म्हटलं, पहिलीला अगदी जोड मिळाली. ती म्हणाली, बरं झालं.

शनिवारी मी ती स्वतः चालवत गावी नेली. ओढ्यातून नेली. वाळूत मोठीपेक्षा सहज गेली, आणि मी मनात त्यापुढेही एक बरोबरची खूण केली.

बाबांनी गाडीभोवती फेरी मारली. चेनचा ताण बोटानं बघितला. टाकीचं झाकण उघडून आत वास घेतला. प्लग काढला, बनियनला पुसला, परत लावला. मग गाडी न्यूट्रल करून एका हातानं हँडल धरलं आणि अंगणात पुढे नेली, मागे आणली. चेहरा खुलला.

"हलकी हाय की रे. ढकलायला झ्याक."

मी हेच ऐकायला ती आणली होती. नांदेडात भर उन्हात तीन गाड्या ढकलल्या होत्या, काट्यावर चढवली होती, ती या एका वाक्यासाठी. पण बाबांच्या जागी मीच बोललो असतो तर इतकं स्पष्ट बोललो नसतो. मायनं गाडीला हळद लावायला घेतली. बाबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे ते, आपल्यात न्हाई आता." मग स्वतःच फडकं घेऊन टाकी पुसली.

सगळा उन्हाळा ती गाडी छान चालली. रोज सकाळी दोन खेपा. वेशीपाशी बंद, वळणावर चालू. बाबांचा दमही वाढला नाही. पारावरच्यांनी गाडीचं कौतुक केलं. "रोलरवाले, ही बरी घेतली पोरानं. तुमच्या जोगी हाय." बाबा मला हे शनिवारी सांगत आणि मी ऐकून घेत असे. मोठी गाडी परत माझ्याकडे आली होती. मी लातूरहून निघायचो, टाकी भरून घ्यायचो, आकडा वहीत टाकायचो, ओढ्यातून घरी यायचो, आणि रविवारी तसाच नांदेडला.

त्या काळात माझ्या टेबलावर रोजगार हमीच्या कामांचे प्रस्ताव यायचे. दुष्काळी गावांना कामं द्यायची होती. बहुतेक गावांचे कागद अर्धवट असत, कुणाचा नकाशा नाही, कुणाचा ठराव नाही. आमच्या गावचा प्रस्ताव आला तेव्हा मी जातीनं लक्ष घातलं. वशिला नाही लावला. नुसते कागद पुरे केले. ठरावाची प्रत मागवून घेतली, नकाशावर सही राहिली होती ती आणवली, वरती टिपणी नीट लिहिली. वस्तीतल्या चाळीस-पन्नास माणसांना काम मिळणार होतं. काम होतं पाझर तलावाचं. ओढ्यावर आडवा मातीचा बांध. नकाशात ओढा निळ्या रेघेनं काढला होता आणि बांध लाल रेघेनं. जागा मी ओळखली. वेशीच्या खाली, वस्तीच्या वर. माझी वाट त्या नकाशात नव्हती, आणि मला ती आठवली नाही. याद्या करणाऱ्या माणसाची ही चूक. जे वहीत वेगळ्या नावानं लिहिलं होतं ते मी दुसऱ्या कागदावर ओळखलं नाही.

मंजुरी लवकर आली. पुढे दोन शनिवार टंचाईच्या कामामुळे मी लातूरलाच होतो. तिसऱ्या शनिवारी निघालो. वेशीच्या अलीकडे डावीकडे वळलो तर पुढे खोल चर खणलेला. त्यापलीकडे मातीचा ढीग आणि त्यावर टोपल्या घेतलेल्या बायका. वस्तीतल्याच. माझी चुलत काकू डोक्यावरची टोपली न उतरवता ओरडली, "तिकडनं बंद हाय आता. गावातनं ये."

दुसरी एक म्हणाली, "तूच दिलास म्हणं हे काम. लई उपकार झाले बघ."

मी गाडी वळवली.

वेशीपाशी आलो तेव्हा बाबा माझ्यापुढे वीसेक पावलांवर होते. दुपारची जादा खेप असावी. राखाडी गाडी, चार कॅन. ते नुकतेच उतरले होते आणि ढकलायला लागले होते. पारावर पाच-सहा माणसं होती. माझ्या गाडीचा आवाज सगळ्यांनी फाट्यापासून ऐकलेला असणार. या खेपेला कुणी दुसरीकडे बघत नव्हतं. बाबांनीही मान वळवून पाहिलं. थांबले नाहीत, फक्त पाहिलं.

मी कमानीखाली होतो. पाय जमिनीला, इंजिन चालू. मी तेव्हा काय विचार केला हे मला प्रामाणिकपणे सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. विचार असा काही झालाच नाही. बाबा पायी पुढे आणि मी गाडीवर बसून मागे, हे दिसायला कसं दिसेल एवढं एकदा वाटलं. त्यांच्या बाजूनं पुढे निघून जाणं तर त्याहून वाईट. मी चावी फिरवली. आवाज थांबल्यावर पारावरची शांतता एकदम मोठी झाली. मी उतरलो आणि ढकलायला लागलो.

गाडी हलेना. जोर केला तशी दोन वीत सरकली.

पुढून बाबा म्हणाले, "गिअरात हाय तुझी. न्यूट्रल कर आधी."

मी न्यूट्रल केली. पारावरून एकानं विचारलं. माझ्याच वर्गात होता तो, चौथीपर्यंत. आवाजात वाईट असं काही नव्हतं.

"का साहेब, पेट्रोल संपलं का?"

"हाव," मी म्हटलं. "संपलं."

"फाट्यावर मिळालं असतं की. हॉटेलवाला ठेवतोय बाटलीत."

"लक्षात नाही राहिलं."

"तुम्ही आणि लक्षात नाही?" तो हसला, आणि त्याच्याबरोबर आणखी एक-दोघं. मीही हसलो. बाबा पुढे चालत होते. त्यांच्या पाठीवरचा सदरा घामानं चिकटलेला होता. त्यांनी मान वळवली नाही. वळणावर पोचल्यावर ते गाडीवर बसले, किक मारली आणि माझी वाट न बघता खाली उतरून गेले. मी वळणापलीकडे गेल्यावर गाडी चालू केली नाही. पेट्रोल संपलेली गाडी चालू कशी होईल? घरापर्यंत तशीच ढकलत नेली.

अंगणात बाबा कॅन उतरवत होते. चारही कॅन त्यांनी भिंतीशी ओळीनं ठेवले, हात धुतले, मग माझ्या गाडीजवळ आले. टाकीचं झाकण फिरवून काढलं आणि आत वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. बघण्यासारखं काही नव्हतं, टाकी गळ्यापर्यंत भरलेली होती. झाकण परत लावलं, नीट आवळलं.

"भरलीय की," ते म्हणाले.

मी चावी काढून खिशात टाकली.

"मी का उतरतो ते त्यांना म्हाईत हाय. मला म्हाईत हाय. मी कधी पेट्रोल संपलं म्हटलो न्हाई कुणाला." ते दम घ्यायला थांबले. "तुला उतरायचं नव्हतं तर बसून यायचं होतंस. मी काय अडवलो असतो का?"

मायनं आतून विचारलं, चहा ठेवू का. बाबा म्हणाले, ठेव. चहा आम्ही तिघांनी बसून घेतला आणि बांधाच्या कामाबद्दल बोललो, हजेरी कोण लिहितो, मजुरी कधी मिळेल. रात्री जेवताना त्यांनी मला बाजूला बसवून मायला पोळी वाढायला लावली. पेट्रोलचा विषय त्यांनी त्या दिवशी आणि नंतर कधीही काढला नाही. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली.

त्या खेपेला मी रविवारी नांदेडला गेलो नाही. दिवसभर घरातच राहिलो आणि सोमवारी पहाटे लातूरला निघायचं ठरवलं. वेळ मी हिशेबानं निवडली होती. त्या वेळी पारावर कुणी नसतं. टाकी भरलेली होती, रस्ता मोकळा होता, मी गाडी अंगणातच चालू केली आणि बसून निघालो. वळणावर आलो. समोर चावडी बंद, पार रिकामा, पाराखाली एक कुत्रं झोपलेलं. वेशीपलीकडे उजाडत होतं.

माझा हात चावीकडे गेला.

मी उतरलो आणि गाडी वेशीपर्यंत ढकलत नेली. या खेपेला आधी न्यूट्रल केली. इतक्या वर्षांत हे अंतर मी कधी मोजलं नव्हतं, म्हणून चालता चालता मोजलं. एकशे बारा पावलं. वेशीबाहेर आल्यावर थांबून श्वास घेतला, खिशातून वही काढली आणि दुसऱ्या गाडीच्या पानावर खाली आकडा लिहून ठेवला.